डॉक्टरांनी इम्युनो सांगितलंय? पैसे भरायच्या आधी आणि नंतर काय काय करायचं, सोलापूरकरांसाठी

फाइलवर पेम्ब्रोलिझुमॅब नाहीतर निवोलुमॅब असलं इम्युनोथेरपीच्या (थोडक्यात इम्युनो) औषधाचं नाव लिहिलं गेलं की घरात दोन गोष्टी एकदम होतात. मेडिकलवाला किंमत सांगतो आणि सगळे गपगार बसतात, आणि तेवढ्यात फॅमिली ग्रुपवर पुण्याचा कुणीतरी भाचा 'कॅन्सरवर शंभर टक्के औषध सापडलं' असला मेसेज टाकतो. मग एका बाजूला शेत विकायची चर्चा आणि दुसऱ्या बाजूला नुसती आशा, आणि मधल्यामधी मेन प्रश्न राहूनच जातो की हे औषध आपल्या पेशंटला चालणार आहे का, हे तपासलंय का कुणी?

मी डॉक्टर नाही, आधीच सांगतो. पण गल्लीतल्या, नात्यातल्या लोकांच्या फाइली घेऊन बऱ्याच ओपीडीत बसलोय, इथं पण आणि मुंबईला पण. त्यामुळं हे जे लिहितोय ते डॉक्टरांना काय विचारायचं, कुठला कागद मागायचा, कुठं घाई करायची आणि कुठं नाही, यासाठी आहे, औषध आपलं आपण ठरवण्यासाठी नाही.

आधी हे काय प्रकरण आहे ते

आपल्या रक्तात टी पेशी असतात, त्यांचं काम बाहेरचे जंतू आणि बिघडलेल्या पेशी ओळखून मारायचं. पण त्यांनी आपल्याच अंगावर तुटून पडू नये म्हणून त्यांना ब्रेक दिलेले असतात, आणि कॅन्सरची पेशी इतकी हुशार की ती नेमका तोच ब्रेक दाबून धरते. त्यातल्या एका ब्रेकचं नाव सीटीएलए-४, दुसऱ्याचं पीडी-१. अमेरिकेतले जेम्स ॲलिसन पहिल्यावर काम करत होते, जपानचे तासुकू होंजो यांच्या लॅबमध्ये १९९२ ला पीडी-१ सापडला, आणि दोघांना मिळून २०१८ चं मेडिसिनचं नोबेल मिळालं. ब्रेकवरचा कॅन्सरचा पाय काढायचा, म्हणजे टी पेशी आपलं काम परत सुरू करतात, एवढंच हे औषध करतं. २०११ ला अमेरिकेत पहिलं असं औषध मंजूर झालं, इपिलिमुमॅब, तेही मेलानोमा नावाच्या कातडीच्या कॅन्सरला, आणि पेम्ब्रो आणि निवो दोन्ही २०१४ ला आले.

कल्पना मात्र लय जुनी आहे. न्यूयॉर्कचे विल्यम कोली नावाचे सर्जन १८९१ पासून पेशंटला मुद्दाम बॅक्टेरिया टोचायचे, कारण ताप येऊन गेल्यावर काहींची गाठ विरघळलेली त्यांच्या पाहण्यात आली होती. त्यावेळी लोकांनी त्यांना फार काही मानलं नाही.

आता यात एक गैरसमज काढून टाका. गुळवेल, काढा, 'इम्युनिटी बूस्टर' पावडर, याचा आणि या इंजेक्शनचा काही संबंध नाही ओ. हे औषध ताकद वाढवत नाही, अडवलेली ताकद मोकळी सोडतं. उलट औषध चालू असताना असले काढे लिव्हरला त्रास देऊ शकतात आणि मग लिव्हरचा रिपोर्ट बिघडला की तो औषधामुळं का काढ्यामुळं हेच कळत नाही. आजीला वाईट वाटेल, पण डॉक्टरांना न विचारता काही देऊ नका.

पैशाच्या आधी ब्लॉक

सगळ्यात महत्त्वाचं काम हे, आणि लोक नेमकं हेच शेवटी करतात. बायोप्सी झाली की लॅबवाले तो तुकडा मेणाच्या छोट्या ठोकळ्यात बसवून ठेवतात, त्याला ब्लॉक म्हणतात, आणि त्याचे पातळ काप काचेवर, त्या स्लाइड्स. रिपोर्टचा कागद आपल्याकडं असतो पण ब्लॉक लॅबमध्येच पडून असतो आणि बऱ्याच जणांना माहितीच नसतं की तो मागता येतो. अर्ज द्या, सही करा, ब्लॉक आणि स्लाइड्स दोन्ही ताब्यात घ्या. प्लॅस्टिकच्या डबीत ठेवा, गाडीच्या डिकीत नको, एप्रिल-मेमध्ये आपल्याकडं ४२-४३ डिग्री असतंय आणि ते मेण आहे.

या ब्लॉकवर कोणती टेस्ट करायची ते कॅन्सर कुठला आहे त्यावर आहे.

तोंडाचा, जिभेचा, घशाचा असेल, आणि आपल्याकडं मावा, गुटखा, मिसरी यांच्या कृपेनं बहुतेक वेळा हाच असतो, तर पीडी-एल१ टेस्ट (पीडी-१ चा ब्रेक दाबणारं प्रोटीन गाठीत किती आहे ते बघतात) आणि रिपोर्टमध्ये सीपीएस असा आकडा. सीपीएस १ च्या खाली असेल तर एकट्या पेम्ब्रोकडून फार अपेक्षा धरत नाहीत, १ किंवा वर असेल तर विचार करतात, २० किंवा वर असेल तर जास्त चांगलं. फुफ्फुसाचा असेल तर त्याच टेस्टचा आकडा टीपीएस टक्क्यात येतो आणि ५० टक्के किंवा वर असेल तर काही पेशंटला केमो न देता नुसतं इम्युनोवर पण ठेवता येतं. एक लक्षात ठेवा, सीपीएस आणि टीपीएस एक नाही, एकाचा आकडा दुसऱ्याशी लावून शेजारच्या काकांच्या रिपोर्टशी तुलना करत बसू नका.

फुफ्फुसाच्या बाबतीत अजून एक गोष्ट, आणि ही मी ठळक करून सांगतोय. ईजीएफआर आणि एएलके या कॅन्सरच्या जीनमधला बदल शोधणाऱ्या टेस्टचे रिपोर्ट हातात आल्याशिवाय इम्युनो सुरू करायची घाई करू नका. भारतात, त्यातही कधी सिगारेट न ओढलेल्या बायकांमध्ये ईजीएफआरचा बदल बराच सापडतो, आणि तो असेल तर रोजची गोळी जास्त चांगली चालते, इम्युनो फारसं चालत नाही. वर परत आधी इम्युनो देऊन लगेच ओसिमर्टिनिब, म्हणजे ईजीएफआरवरचीच गोळी, सुरू केली तर फुफ्फुसाला सूज यायचा धोका वाढतो. रिपोर्टला दहा-पंधरा दिवस लागतात म्हणून 'तोवर एक डोस देऊन टाकू' असं कुणी म्हणालं तर शांतपणे विचारा, सर, ईजीएफआर यायच्या आधी देणं सेफ आहे का? पेशंटची तब्येत अगदीच नाजूक असेल तर ते तोवर केमो सुरू करतील, ते ठीक आहे.

आतड्याचा, गर्भाशयाच्या अस्तराचा वगैरे असेल तर एमएमआर टेस्ट मागा. त्यात डीएनएतल्या चुका दुरुस्त करणारी चार प्रोटीन बघतात, एमएलएच१, पीएमएस२, एमएसएच२, एमएसएच६. यातलं काही गायब असेल तर रिपोर्टवर 'डेफिशियंट' लिहितात आणि अशा पेशंटला इम्युनो खरंच भारी काम करतं, इतकं की २०१७ मध्ये अमेरिकेच्या औषध नियामकानं, एफडीएनं, पेम्ब्रोला कॅन्सर कुठल्या अवयवाचा आहे ते न बघता या टेस्टवर मंजुरी दिली, असं पहिल्यांदाच झालं. तो जो मेसेज व्हॉट्सॲपवर २०२२ पासून फिरतोय ना, 'बारा पेशंट, बाराच्या बारा बरे', तो पण याच प्रकारातला. औषध डोस्टारलिमॅब, पेशंट गुदाशयाच्या कॅन्सरचे, आणि सगळेच्या सगळे एमएमआर डेफिशियंट. पुढं पेशंट वाढले तरी रिझल्ट तसाच चांगला आला, बातमी खोटी नाही. पण गुदाशयाच्या शंभर पेशंटमध्ये असे पाच-दहाच निघतात. मेसेजमध्ये हे वाक्य कुणी टाकत नाही. म्हणून मेसेज आला की चिडू नका, नाचू पण नका, एमएमआर टेस्ट करून घ्या, टेस्ट तुलनेनं स्वस्त आहे.

डॉक्टरांसमोर बसल्यावर

ओपीडीत पाच मिनिटं मिळतात, त्यामुळं प्रश्न कागदावर लिहून न्या आणि एकच माणूस बोला, बाकीचे बाहेर. मावशी, मामा, जावई सगळे आत घुसून एकदम बोलले की डॉक्टर पण वैतागतो.

विचारायचं असं, की हे औषध बरं करण्यासाठी आहे का आयुष्य वाढवण्यासाठी. हे विचारायला जीभ रेटत नाही, मला माहितीय, पण शेत विकायचा निर्णय या उत्तरावर आहे. मग विचारा की आमच्या पेशंटसारख्या शंभर लोकांत किती जणांची गाठ लहान होते. तोंड-घशाच्या, पसरलेल्या किंवा परत आलेल्या कॅन्सरमध्ये एकट्या पेम्ब्रोनं गाठ लहान होणारे पाचात एक धरा, कधी त्याहून कमी. ज्याला लागू पडतं त्याला मात्र लांब टिकतं, हेच या औषधाचं वेगळेपण. अमेरिकेचे माजी अध्यक्ष जिमी कार्टर यांचा मेलानोमा २०१५ मध्ये मेंदूपर्यंत गेला होता, पेम्ब्रो आणि रेडिएशन घेतलं आणि त्यानंतर शंभरी गाठून २०२४ च्या डिसेंबरात गेले. पण ते उदाहरण मेलानोमाचं आहे, आपल्या गालाच्या कॅन्सरला तसंच होईल असं धरून चालू नका.

आणि आता जो प्रश्न मला वाटतं सोलापुरातल्या प्रत्येक तोंडाच्या पेशंटच्या घरच्यांनी विचारलाच पाहिजे तो हा, की 'सर, लो डोस निवोलुमॅब आमच्यासाठी बसतं का?'

याची गोष्ट जरा नीट सांगतो कारण ही आपल्या इथल्या डॉक्टरांची कमाई आहे. निवोलुमॅबचा नेहमीचा डोस दर दोन आठवड्यांनी २४० मिलिग्रॅम. तो परवडणारे लोक आपल्या देशात बोटावर मोजण्याइतके. मग मुंबईच्या टाटा मेमोरियलच्या डॉक्टरांनी विचार केला की तो ब्रेक सोडवायला एवढं औषध खरंच लागतं का, कारण कमी डोसमध्ये पण टी पेशींवरचे पीडी-१ रिसेप्टर, म्हणजे तोच ब्रेक, पुरेसे झाकले जातात असं आधीच्या अभ्यासात दिसत होतं. त्यांनी १५१ पेशंट घेतले, सगळे तोंड-घशाचा कॅन्सर परत आलेले किंवा बरा करता न येणारे. अर्ध्यांना तोंडानं घ्यायच्या स्वस्त औषधांचं कॉम्बिनेशन, मेथोट्रेक्सेट, सेलेकॉक्सिब आणि अर्लोटिनिब, आणि अर्ध्यांना तेच अधिक दर तीन आठवड्यांनी फक्त २० मिलिग्रॅम निवोलुमॅब. नुसत्या गोळ्यांवाल्यांपैकी एक वर्षानं हयात होते १६.३ टक्के, आणि निवोवाल्यांपैकी ४३.४ टक्के. २०२२ मध्ये हे जर्नल ऑफ क्लिनिकल ऑन्कॉलॉजीत छापून आलं. नेहमीच्या एका डोसच्या दहाव्या हिश्श्यापेक्षा कमी औषधात!

आता हे पण सांगायला पाहिजे की या अभ्यासात लो डोसची फुल डोसशी समोरासमोर तुलना केलेली नाही, गोळ्यांशी केली. त्यामुळं 'दोन्ही सेम आहे' असं कुणी म्हणालं तर ते जास्तीचं आहे. पण फुल डोस परवडतच नसेल तर प्रश्न फुल का लो असा नसतोच, लो का काहीच नाही असा असतो, आणि तिथं उत्तर अगदी स्पष्ट आहे. ४० मिलिग्रॅमची वायल मिळते, त्यात दोघांचा डोस बसतो, म्हणून एकाच दिवशी दोन पेशंट बोलावून वायल शेअर करता का, हे पण विचारा. लाजू नका. बायोसिमिलर, म्हणजे दुसऱ्या कंपनीनं बनवलेलं त्याच औषधाचं रूप, आहे का हे पण विचारा, आणि जुनं कोटेशन हातात असेल तर नवीन घ्या, कारण किमती बदलतात, उदाहरणार्थ दुर्वालुमॅब या अशाच दुसऱ्या औषधावरची कस्टम ड्युटी २०२४ च्या बजेटमध्ये काढून टाकली.

पैशाचं

महात्मा फुले जन आरोग्य योजनेत वर्षाला कुटुंबामागं ५ लाखांपर्यंत कव्हर आहे आणि ऑपरेशन, रेडिएशन, केमो बरंचसं त्यात होतं. इम्युनोचं इंजेक्शन मात्र पॅकेजमध्ये बसेलच असं नाही, पॅकेजं बदलत असतात, म्हणून दवाखान्यातल्या आरोग्यमित्राच्या टेबलावर जाऊन औषधाचं नाव दाखवून विचारा, ओपीडीतल्या गर्दीत कुणीतरी सांगितलं त्यावर जाऊ नका. रेशन कार्ड आणि आधारवरचं नाव जुळत नसेल तर ते आजच दुरुस्तीला टाका. आपल्या पूर्व भागात एका कार्डावर आडनावाचं स्पेलिंग एक आणि दुसऱ्यावर दुसरं, हे घरोघरी आहे.

मेडिक्लेम असेल तर पॉलिसीत 'मॉडर्न ट्रीटमेंट' नावाचा भाग शोधा. विमा नियामकाच्या नियमानं २०२० पासून इम्युनोथेरपीचं मोनोक्लोनल अँटिबॉडी इंजेक्शन (पेम्ब्रो, निवो त्यातलीच) कंपनीला सरसकट नाकारता येत नाही, पण त्यावर लिमिट लावता येतं आणि ते लिमिट तिथंच बारीक अक्षरात असतं. पहिल्या डोसच्या आधी लेखी विचारून घ्या, ई-मेलवर, फोनवर नको. डे-केअरला दिलं तर चालतं का हे पण त्याच मेलमध्ये.

घरात बिडी कामगार असेल आणि ओळखपत्र असेल तर कामगार कल्याण खात्याच्या दवाखान्यात जाऊन कॅन्सरच्या खर्चाच्या परताव्याचं विचारा. हजारो बायका आपल्याकडं बिड्या वळतात आणि कार्ड कपाटात पडून असतं. याशिवाय मुख्यमंत्री सहाय्यता निधी आहे, आणि औषध कंपन्यांचे पेशंट असिस्टन्स प्रोग्रॅम असतात ज्यात काही डोस विकत घेतले की पुढचे फुकट किंवा सवलतीत मिळतात. हे प्रोग्रॅम डॉक्टरांच्या सहीनं, पहिल्या डोसच्या आधी रजिस्टर करावे लागतात. चार डोस झाल्यावर कळून फार उपयोग होत नाही.

वायल घेताना

डिस्ट्रीब्यूटरकडून बाहेरून आणायची वेळ आली तर पक्कं बिल, त्यावर बॅच नंबर आणि एक्स्पायरी. औषध २ ते ८ डिग्रीत राहायला पाहिजे, म्हणजे बर्फाच्या जेल पॅकसकट थर्माकोलच्या डब्यात, आणि बर्फाला चिकटवून नको, गोठलं तर वाया. होटगी रोडवरून सिव्हिलपर्यंत टू-व्हीलरच्या डिकीत दुपारी दोन वाजता आणू नका एवढंच.

मार्च २०२४ मध्ये दिल्ली पोलिसांनी एक टोळी पकडली, ते लोक महागड्या कॅन्सर औषधांच्या रिकाम्या वायल मिळवून त्यात भलतंच काहीतरी भरून विकायचे. त्यामुळं 'अर्ध्या किमतीत करून देतो' म्हणणाऱ्यापासून लांब राहा, तो कितीही ओळखीचा असू दे. सील नर्सनं आपल्यासमोर फोडावं, आणि रिकामी वायल आणि खोका तशीच बाहेर जाऊ नये, लेबलवर पेननं रेघा मारून, खोका फाडून टाका. नर्स हसेल, हसू दे.

डोस झाल्यावर, आणि इथं खरं लक्ष पाहिजे

इंजेक्शन सलाइनमधून जातं, पेम्ब्रो अर्ध्या तासात संपतं. संध्याकाळी पेशंट घरी, उलटी नाही, केस जात नाहीत, भूक पण ठीक. म्हणून घरचे निर्धास्त होतात. इथंच गडबड आहे, कारण ब्रेक सोडल्यावर टी पेशी कधीकधी चांगल्या अवयवावर पण जातात, आणि ते दुसऱ्या दिवशी नाही तर काही आठवड्यांनी, महिन्यांनी, कधी औषध बंद झाल्यावर सुद्धा दिसतं.

काय दिसतं? रोजच्यापेक्षा चार-पाच वेळा जास्त जुलाब, त्यात रक्त किंवा पोटात कळ. कोरडा खोकला आणि जिना चढताना नवीन दम. डोळे पिवळे, लघवी गडद. अंगभर पुरळ. एकदम तहान तहान आणि सारखी लघवी, म्हणजे शुगर तपासा, आधी डायबेटिस नसला तरी. फार थकवा, थंडी वाजणं, जोराची डोकेदुखी, हे थायरॉइड किंवा मेंदूखालच्या पिट्युटरी ग्रंथीचं असू शकतं. छातीत दुखणं, पापण्या पडणं, हे कमी वेळा होतं पण झालं तर त्याच तासाला दवाखाना, सकाळची वाट बघायची नाही.

आता सोलापुरातला खरा प्रॉब्लेम. रात्री दोनला जुलाब लागले म्हणून तुम्ही जवळच्या कॅज्युअल्टीत जाता आणि तिथला नवीन डॉक्टर विचारतो काय चालू आहे, तुम्ही म्हणता कॅन्सरचं इंजेक्शन, तो समजतो केमो, सलाइन आणि अँटिबायोटिक लावतो आणि घरी सोडतो. पण इम्युनोच्या जुलाबाला इन्फेक्शन नाही हे बघून स्टेरॉइड लागतं, आणि वेळेवर लागतं. म्हणून एक कार्ड बनवा, लॅमिनेट करून घ्या पार्क चौकातून, त्यावर मोठ्या अक्षरात, 'पेशंट इम्युनोथेरपीवर आहे, केमो नाही', औषधाचं नाव, शेवटच्या डोसची तारीख, कॅन्सरच्या डॉक्टरांचा नंबर, आणि 'स्टेरॉइडचा निर्णय त्यांच्याशी बोलून'. एक पेशंटच्या पाकिटात, एक फ्रीजवर, फोटो सगळ्यांच्या मोबाइलमध्ये. औषध संपल्यावर सुद्धा वर्षभर तरी राहू द्या.

जुलाब थांबवायची गोळी मेडिकलमधून आणून दोन दिवस बघू, असं करू नका. स्टेरॉइड सुरू झालं तर बरं वाटलं म्हणून आपल्या मनानं बंद करू नका, ते चार-सहा आठवड्यांत हळूहळू उतरवतात. आणि उलट बाजूनं, सांधेदुखीसाठी कुणी 'ताकदीची गोळी' म्हणून स्टेरॉइड देत असेल तर ते इम्युनो सुरू व्हायच्या आधीच डॉक्टरांना सांगा, कारण त्यानं औषधाचा जोर कमी होऊ शकतो. आमवात, सोरायसिस, किडनी ट्रान्सप्लांट असेल तर हे पहिल्याच भेटीत, न विचारता सांगायचं.

प्रत्येक डोसच्या आधी रक्त, लिव्हर, किडनी, शुगर आणि ठरावीक अंतरानं थायरॉइडची टीएसएच टेस्ट. सगळे रिपोर्ट एकाच लॅबचे तारखेप्रमाणे लावून ठेवले तर डॉक्टरला एका नजरेत कळतं.

इथं का मुंबईला

माझं मत असं की निर्णय मोठ्या ठिकाणी करून घ्यावा आणि डोस शक्यतो जवळ घ्यावेत. दर तीन आठवड्याला मुंबई म्हणजे पेशंट औषधापेक्षा प्रवासानं थकतो. सोलापुरात कॅन्सरचे डॉक्टर आहेत, आणि जिल्ह्यात बार्शीचं नर्गिस दत्त मेमोरियल कॅन्सर हॉस्पिटल आहे, ज्याला आपण 'बार्शीचं कॅन्सर' म्हणून हलक्यात घेतो. उस्मानाबाद जिल्ह्यातल्या १,३१,७४६ बायकांवर गर्भाशयमुखाच्या कॅन्सरच्या तपासणीचा अभ्यास तिथल्या डॉक्टरांनी बाकीच्यांबरोबर केला आणि २००९ ला न्यू इंग्लंड जर्नलमध्ये आला, एकदाच एचपीव्ही (हा कॅन्सर करणारा विषाणू) टेस्ट केली तरी मृत्यू कमी होतात हे त्यातून जगाला कळलं.

मुंबईला जायचंच असेल तर सिद्धेश्वरनं दादरला उतरा, परळचं टाटा तिथून जवळ. कॅन्सर पेशंटला उपचारासाठी रेल्वेत स्लीपर आणि थर्ड एसीचं तिकीट पूर्ण माफ आहे, बरोबरच्या एका माणसाला ७५ टक्के सवलत, त्यासाठी दवाखान्याचा ठरलेल्या नमुन्यातला दाखला घेऊन रिझर्वेशन काउंटरवर जायचं. राहायला दादरची गाडगे महाराज धर्मशाळा आहे, जागेसाठी दवाखान्याच्या सोशल वर्करकडून चिठ्ठी लागते का ते आधी विचारा. टाटात जनरल आणि प्रायव्हेट कॅटेगरी असतात, फाइल काढतानाच ठरवून जा.

ट्रायल आणि कार-टी

'ट्रायल म्हणजे उंदीर बनवतात' हे डोक्यातून काढा. वरचा २० मिलिग्रॅमचा अभ्यास पण ट्रायलच होती. सीटीआरआय नावाची सरकारी नोंदणी आहे, २००९ पासून प्रत्येक ट्रायल तिथं नोंदवणं सक्तीचं आहे, नंबर मागा आणि साइटवर टाकून बघा. नंबर नाही तर ट्रायल नाही, इतकं सोपं. २०१९ च्या नियमांप्रमाणं ट्रायलमुळं इजा झाली तर उपचार आणि भरपाई मिळते. आणि संमतीपत्र पेशंटला कळेल त्या भाषेत पाहिजे. आपल्याकडं कितीतरी आजी-आजोबा घरात तेलुगू नाहीतर कन्नड बोलतात, मराठी कागदावर अंगठा घेतला म्हणजे झालं असं नाही, त्यांच्या भाषेत समजावून मागा.

कार-टी वेगळं आहे. यात पेशंटच्याच टी पेशी रक्तातून काढून, लॅबमध्ये त्यात नवीन जीन घालून, वाढवून परत देतात. आयआयटी मुंबईचे राहुल पुरवार यांची टीम आणि टाटा मेमोरियल यांनी मिळून नेक्सकार१९ बनवलं, ऑक्टोबर २०२३ ला मंजुरी, आणि ४ एप्रिल २०२४ ला राष्ट्रपती द्रौपदी मुर्मू यांच्या हस्ते सुरू झालं. परदेशात ज्याला तीन-चार कोटी लागतात त्याच्या साधारण दहाव्या हिश्श्यात. पण हे फक्त बी पेशींच्या ठरावीक ब्लड कॅन्सर आणि लिम्फोमाला, तेही बाकीचे उपचार फेल गेल्यावर. गालाच्या, स्तनाच्या, पोटाच्या कॅन्सरला नाही. त्यासाठी कुणी 'कार-टी करून देतो' म्हणून पैसे मागितले तर उठून या. तसंच 'डेंड्रिटिक सेल लस' म्हणून लाखांचं पॅकेज सांगणारे आहेत, त्यांना एकच विचारा, या कॅन्सरसाठी सीडीएससीओची, म्हणजे केंद्राच्या औषध नियामकाची, मंजुरी दाखवा, नाहीतर सीटीआरआय नंबर द्या. ट्रायल असेल तर औषधाचे पैसे पेशंटकडून का घेताय, हे पण.

आणि सगळंच महाग नसतं बरं का. लघवीच्या पिशवीचा वरवरचा कॅन्सर असेल तर गाठ खरवडून काढल्यावर तीच बीसीजी, जी बाळाला दंडावर देतात तिचा जास्त ताकदीचा प्रकार, नळीतून पिशवीत सोडतात, आठवड्यातून एकदा असं सहा वेळा. १९७६ पासून चालत आलेली इम्युनोथेरपी आहे ही, आणि पुण्याची सीरम ते औषध बनवते. डोसनंतर सहा तास लघवी बसून करायची आणि फ्लश करायच्या आधी भांड्यात ब्लीच टाकून पंधरा मिनिटं ठेवायचं, जिवंत जंतू असतात. टीबीचा इतिहास असेल तर आधी सांगा.

पहिला स्कॅन साधारण दोन-तीन महिन्यांनी करतात, त्याच्या आधी स्वतःहून पेट स्कॅनवर पैसे घालू नका. त्यात गाठ जरा मोठी दिसली तर लगेच औषध फेल धरू नका, थोड्या पेशंटमध्ये टी पेशी गाठीत शिरल्यामुळं पण ती सुजून मोठी दिसते. पण असं क्वचितच होतं, त्यामुळं पेशंटची तब्येत बघा. जेवण, चालणं, दुखणं सुधारत असेल तर डॉक्टर चार-सहा आठवड्यांनी परत स्कॅन करायला सांगतील. तब्येत पण खालावत असेल तर औषध लागू पडलेलं नाही असंच धरायचं, आणि मग पुढचे डोस उगाच ओढत न बसता पुढची लाइन, म्हणजे पुढचा उपचार, काय आणि दुखणं कमी ठेवायला काय करता येईल, ते त्याच ओपीडीत विचारून यायचं.